कपाट, टेप आणि तेरा इंचांचा घोळ

कपाट गच्च भरलंय आणि घालायला काही नाही, हे मी इतक्या वेळा म्हटलंय की घरात आता कुणी मान वर करूनही बघत नाही. मग एका रविवारी एकदाचं सगळं बाहेर काढलं. पलंगावर ढीग, खुर्चीवर ढीग, मोजले तर ११४ निघाले, मोजे आणि आतले कपडे सोडून. आणि खरंखरं सांगायचं तर त्यातले पंचवीसेक आलटून पालटून घालते मी, बाकीचे नुसते इस्त्री करून घ्यायला आहेत.

आवरायच्या आधी टेप घेऊन बसले, कारण नुसतं "हे आवडतं, हे नाही" असं करून मागच्या दोन्ही वेळी फसलेय. छाती ३५, कंबर ३०, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४३. म्हणजे कंबर आणि सीटमध्ये १३ इंचांचा फरक, आणि रेडिमेड पँटच्या चार्टमध्ये हा फरक साधारण ९-१० इंच धरलेला असतो. इतकी वर्षं ट्रायल रूममध्ये मी स्वतःला शिव्या घातल्या त्या या तीन इंचांपायी! कंबरेला बसणारी पँट मांडीत अडकायची, आणि मांडीत जाणारी पँट घातली की कंबरेत मागे एवढी फट की मोबाइल ठेवावा.

याला, म्हणजे वरून बारीक आणि खालून रुंद अंगाला, पेअर शेप म्हणतात हे मला माहीत होतं. पेअर, अ‍ॅपल, अवरग्लास वगैरे सगळ्या क्विझ देऊन झाल्यात माझ्या, पण ते नाव कळून उपयोग काय हो, त्यात धड लांब की पाय लांब हे कुठे येतं? माझं धड लांब आणि पाय आखूड, म्हणजे दोन पेअर शेपवाल्या बायका शेजारी उभ्या केल्या तरी एकीला जे खुलतं ते दुसरीला ओढून ताणून घातल्यासारखं दिसू शकतं. आणि साइजचे नंबर तर सोडाच. अमेरिकेत १९३९-४० मध्ये जवळपास १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली होती, त्यांच्या आधारावर १९५८ मध्ये रेडिमेड साइजचं स्टँडर्ड काढलं, आणि १९८३ मध्ये तेही मागे घेतलं. आता जो तो ब्रँड आपापला नंबर लावतो. माझ्याच कपाटात एम, एल आणि एक्सएल तिन्ही आहेत आणि तिन्ही मला होतात.

तर पँटचा उपाय मला टेलरकाकांनी सांगितला तो असा, की पँट कायम सीटच्या मापाने घ्यायची आणि कंबर आत घ्यायची, उलटं करता येत नाही. त्यांनी माझ्यासमोर राखाडी पँटची मागची मधली शिवण बेल्टसकट उसवली, वर अडीच इंच आत घेतलं आणि खाली सीटपर्यंत हळूहळू शून्यावर आणलं. जास्तीचं कापड कापलं नाही, आतच माया म्हणून ठेवलं, म्हणाले, "पुढे सोडावं लागलं तर?" (आशावादी माणूस नाही, पण अनुभवी आहे.) हीच पँट दीड वर्ष घडी मोडल्याशिवाय पडून होती, आता आठवड्यातून दोनदा घालते.

खांद्याचं मात्र तसं नाही. मरून जॅकेट मी सेलमध्ये घेतलं होतं, खांद्याची शिवण माझ्या हाडाच्या एक इंच खाली उतरते. काकांनी दोन बोटांनी चिमटीत धरून बघितलं आणि परत दिलं. बाही काढायची, अस्तर उसवायचं, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) नव्याने कापायचा, पॅड बदलायचं, आणि एवढं करून बसेलच याची खात्री नाही. तेव्हापासून वरचा कपडा घेताना आधी खांदा बघते, बाकी कंबर, लांबी, बाहीची उंची सगळं नंतर जमवता येतं. जॅकेट बहिणीला दिलं, तिचे खांदे रुंद आहेत, तिच्यावर ते असं बसलंय की मला जरा जळायला झालं.

लांबीचं तर मला त्या रविवारीच कळलं. पांढरा लांब शर्ट, कापड सुंदर, पण घातला की मी पोतं दिसते. आरशासमोर सहज खालची कड पिनांनी वर टाचली, आधी एक इंच, मग दोन, मग तीन, आणि तिसऱ्या इंचाला एकदम कंबर दिसायला लागली, पाय लांब झाल्यासारखे वाटले. झालं काय होतं, तर शर्टाची कड नेमकी सीटच्या सगळ्यात रुंद जागेवर येऊन थांबत होती, आणि कपडा जिथे संपतो तिथे नजर थांबते. पोटरीच्या मधोमध संपणाऱ्या पँटचंही तेच, एक तर घोट्याच्या हाडापर्यंत हवी नाहीतर गुडघ्याजवळ.

आडव्या पट्ट्या जाड दाखवतात म्हणून मी आयुष्यभर टाळल्या, आणि हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९ व्या शतकातच लिहून ठेवलंय की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उंच दिसतो, उभ्या रेषांचा रुंद. माणसाच्या आकृत्यांवर हे तपासलेला एक पेपर २०११ मध्ये आला, त्यातही आडव्या पट्ट्यांनी जाड दिसल्याचं काही निघालं नाही. पट्ट्यांचा टीशर्ट ठेवलाय. बघू.

बाकी वर्गवारी पटापट झाली. घालून खुर्चीत बसायचं, दोन्ही हात वर करायचे, खाली वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं करायचं, आणि मागून फोटो काढायचा. मागून! आरसा पुढचंच सांगतो. यात १९ कपडे गेले. ज्यांची लायक्रा ढिली पडून गुडघ्यात फुगे आले होते त्या चार लेगिंग्ज फरशी पुसायला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका जीन्सने. कंबर २७. सहा वर्षांपूर्वीची. बारीक झाले की घालीन म्हणून दोन घरं बदलताना बरोबर नेली. मी ती मांडीवर घेऊन बसले आणि आठवायचा प्रयत्न केला, तर तेव्हाही जेवल्यावर बटण उघडावं लागायचं! म्हणजे ती तेव्हाही मला होत नव्हती. हसूच आलं. दिली.

उरले ७१. सगळे हँगर उलटे लावलेत, हुक बाहेरच्या बाजूला, घातलेला कपडा परत ठेवताना हुक सरळ करायचा, म्हणजे तीन महिन्यांनी आपोआप कळेल कोण नुसतं लटकतंय. आज दहावा दिवस, १४ सरळ झालेत. पिवळा ड्रेस अजून उलटाच आहे, त्याला मी रोज बघते आणि रोज शेजारची राखाडी पँट काढते.