बोर्डी, चिकूची वाइन आणि आमची चिंगी

वायनरी म्हटलं की सगळ्यांची गाडी नाशिककडे वळते. आम्ही डिसेंबरात समुद्राकडची वाट धरली. डहाणूच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या बोर्डीत चिकूपासून वाइन होते, वाडीतून चालत किनाऱ्यावर जाता येतं आणि ठाण्याहून अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. चिंगी, आमची कुत्री, नऊ वर्षांची आहे. गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला. चार तासांपेक्षा जास्त गाडी तिला सोसत नाही, त्यामुळे कुठे जायचं हे तिच्यावरूनच ठरतं.

पहाटे साडेपाचला निघालो, कारण सात वाजले की घोडबंदर रोड अडकतो. निघायच्या आधी तीन-चार तास चिंगीला खायला दिलं नव्हतं, पाणी मात्र सारखं देत होतो. गाडीत ती मागे, हार्नेस बेल्टला अडकवून. हायवेच्या ढाब्यांवर तिला उतरवू नका. तिथली कुत्री आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाहीत आणि बाजूने ट्रक धावत असतात. चारोटीला हायवे सोडून डहाणूच्या रस्त्याला लागलात की रहदारी कमी होते, तिथे एखादं सावलीचं झाड बघून थांबा.

राहण्याच्या जागेचा अनुभव मनाला लागला. फोनवर विचारलं होतं, ‘कुत्रा चालेल ना?’ उत्तर आलं, ‘चालेल.’ पोहोचल्यावर कळलं, चालेल म्हणजे मागच्या शेडमध्ये रात्रभर बांधून चालेल. चिंगी आयुष्यात एकटी बांधून झोपलेली नाही. आगाऊ दिलेले पैसे सोडले आणि घोलवडच्या बाजूला एका चिकूवाडीतली खोली शोधली. तिथल्या काकूंनी चिंगीला बघून आधी पाण्याचा टोप आणून ठेवला, आमची विचारपूस नंतर. तेव्हा फोनवर प्रश्न नेमका विचारा: रात्री आमच्याबरोबर खोलीत झोपेल का? वाडीत तुमची कुत्री मोकळी असतात का? कुंपण आहे का? आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या.

वायनरीतही आधी फोन केला होता. आवारात आणा, पण जिथे वाइन तयार होते तिथे आत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवरा थोडा खट्टू झाला. मला मात्र ते पटलं, आणि का पटलं ते सांगते. फळातल्या साखरेवर यीस्टचं काम सुरू झालं की अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली जमिनीलगत साठतो. माणसाचं नाक पाच फुटांवर, चिंगीचं एक-दीड फुटावर. शिवाय टाक्या धुवायची रसायनं त्याच फरशीवरून वाहतात आणि ती ओले पंजे चाटते. त्यामुळे वायनरीवाल्यांनी कुत्र्याला आत घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ‘या, कुठेही फिरवा’ म्हणाले तर उलट जास्त सावध राहा.

आम्ही पाळी लावली. आधी नवरा आत गेला, मी चिंगीबरोबर चिकूखाली बसले. मग मी गेले. गाडी तो चालवणार होता, म्हणून चव मीच घेतली. चिकू नुसता गोड असेल असं वाटलं होतं, पण जिभेवर गूळ विरघळून शेवटी थोडा तुरटपणा राहावा तशी चव होती. बाहेर आले तर चिंगी दोरी ताणून उभी. मागच्या बाजूला गाळून उरलेल्या गराच्या बादल्या होत्या आणि त्या आंबूस-गोड वासाने तिला वेड लागलं होतं. वायनरीतला कुत्र्यासाठीचा खरा धोका हाच आहे. ग्लासातली वाइन आपण देत नाही, पण आंबलेल्या चोथ्यातही अल्कोहोल असतंच आणि कुत्र्याला ते थोडंसंही बाधतं. दोरी आखूडच ठेवा, लांब सुटणारी नको.

पुढेमागे याच बेताने नाशिकला जाणार असाल तर हेही लक्षात ठेवा. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. यामागे टार्टारिक ॲसिड असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2021 साली मांडलं. चिंचेतही तेच भरपूर असतं. ही गोष्ट कोकणात फिरताना फार कामाची आहे, कारण रस्त्याकडेला चिंचांचा सडा असतो आणि माशाच्या कालवणात चिंच, कांदा, लसूण, कुत्र्याला वर्ज्य असलेलं सगळं एकदम असतं. आम्ही घरून भात आणि उकडलेली अंडी नेली होती, दुसऱ्या दिवशी काकूंनी बिनमसाल्याचं चिकन शिजवून दिलं. वाडीत पडलेले चिकूही तोंडात घेऊ देऊ नका. त्याच्या काळ्याभोर बीला टोकाशी बारीक आकडा असतो, तो घशात अडकू शकतो.

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत फिरताना त्या झाडांची माया कळते. फांद्या इतक्या खाली आलेल्या की दुपारी बारालाही जमीन गार. चिंगी पोट मातीला लावून तासभर झोपली होती.

किनाऱ्यावर सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर जा. सुरूच्या बनाकडून उतरलात की ओहोटीला पाणी खूप लांब गेलेलं असतं आणि मधली वाळू घट्ट, धावायला उत्तम. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आदल्या संध्याकाळी कुणा कोळ्याला विचारून ठेवा. चिंगी पहिल्यांदा लाटेपाशी गेली, फेस पायाला लागताच मागे उडाली आणि मग दहा मिनिटं त्याच फेसावर भुंकत राहिली. समुद्राचं पाणी तिने प्यायला नको म्हणून तिचं पाणी सोबत होतं. पोटात खारं पाणी गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले. बोंबील वाळत घातले असतील तिथून मात्र लांबचा वळसा घ्या. ती लोकांची मेहनतीची कमाई आहे, आपल्या कुत्र्याने तिला तोंड लावता कामा नये. विष्ठेसाठी पिशव्या न्या आणि भरलेल्या पिशव्या परत आणा.

परतताना बाटल्या बरोबर असतील तर नकाशाच्या ॲपवर विसंबू नका. ते पुष्कळदा उंबरगाव-भिलाडवरून हायवेला काढतं आणि तो रस्ता गुजरातमधून जातो. तिथे दारूबंदी आहे. आलात तसेच घोलवड-डहाणू-चारोटीवरून परत या, आणि बिल जपून ठेवा.

ठाण्याला पोहोचल्यावर आधी चिंगीला गोड्या पाण्याने आंघोळ घातली, मग टॉर्च घेऊन बसले. कानाच्या आतली घडी, काखा, पट्ट्याखालची मान, बोटांच्या बेचक्या. गोचिडीचं औषध निघण्याआधी लावलेलं होतं, तरी पुढच्या उजव्या पंजात मसुरीएवढी एक सापडलीच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल किंवा रॉकेल ओतायचं नाही. गोचीडताप चढायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. म्हणून तेवढे दिवस मी तिचं खाणं आणि हिरड्यांचा रंग रोज बघत होते. जेवण सोडलं, ताप आला किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि कुठे फिरून आलात तेही सांगा.