म्युलूझ: सूतगिरणीत दडवलेल्या बुगाट्या

बाझेलहून फ्रान्सच्या बाजूला जाणारी लोकल धरली की तासाच्या आत म्युलूझ. स्टेशनवरून एक नंबरची ट्राम, आणि थांब्याचं नावच 'म्युझे द लोतो', म्हणजे मोटारींचं संग्रहालय, त्यामुळे चुकायची सोय नाही. दर्शनी भाग नवा, काचेचा आहे. आत गेल्यावर मान वर करावी: करवतीच्या दातांसारखं छत, म्हणजे अस्सल गिरणी.

ही गिरणी हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या भावांची. लोकरीच्या सुतावर पैसा केला आणि फ्रिट्झने तो गुपचूप गाड्यांत ओतला. 1963 मध्ये रेसच्या आणि शाही गाड्यांसाठी गाजलेल्या खुद्द बुगाटी कारखान्याकडच्या गाड्या घेतल्या. 1964 मध्ये जॉन शेक्सपिअर या अमेरिकेतल्या संग्राहकाकडून एका सौद्यात 30 बुगाट्या उचलल्या आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर लादून आणल्या. गाड्यांच्या रांगांमधले दिव्याचे खांब पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरच्या खांबांची नक्कल आहेत. पुढे धंदा बसला, पगार थकले, भाऊ स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च 1977 मध्ये कामगार आत शिरले तेव्हा त्यांना ही दौलत दिसली. त्यांनी दोन वर्षं ताबा सोडला नाही. लोकांना गाड्या दाखवल्या, पण संग्रह फुटू दिला नाही. 1978 मध्ये सरकारने तो राष्ट्रीय वारसा ठरवला आणि 1982 मध्ये रीतसर संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता, हे मराठी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. संग्रह टिकला याचं श्रेय मी फ्रिट्झपेक्षा कामगारांना देईन.

वेळ कमी असेल तर बाकीच्या रांगा भराभर उरकाव्यात, पण बुगाटीच्या 'टाइप 35' जवळ थांबावं. 1924 ची ही रेसगाडी. चाक अॅल्युमिनियमचं, आठ चपट्या आऱ्यांचं आणि ब्रेकचा ड्रम त्याच्याशी एकसंध. त्यामुळे चाक काढलं की ब्रेकचे शू समोर उघडे, आणि आऱ्यांतून वारा खेळून ड्रम थंड राहतो. मात्र जुन्या ओतीव अॅल्युमिनियमला बारीक तडे जातात, म्हणून पळवायच्या गाड्यांना बहुधा नवी चाकं बसवतात. पुढचा अॅक्सल वाकून पाहा: तो पोकळ आहे आणि पाट्याची स्प्रिंग त्याच्या आरपार गेलेली आहे. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ब्लॉकपासून, म्हणजे सिलिंडरांच्या ठोकळ्यापासून, सुटत नाही. दोघांमध्ये बसणारं हेड गॅस्केटच नाही, म्हणून ते फुटायचा प्रश्न नाही. पण नुसते व्हॉल्व्ह घासायचे तरी अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. शर्यतीत इंजिनात वंगण म्हणून एरंडेल घालत. ते उष्णतेला छान टिकतं, पण गाडी उभी राहिली की चिकट राळ होऊन तेलाच्या वाटा तुंबतात, आणि साध्या खनिज तेलात मिसळत नाही.

शेवटी बुगाटीचीच अवाढव्य 'रोयाल': आठ सिलिंडर एका रांगेत, 12.7 लिटर. सहाच बनल्या आणि मंदीत तीनच खपल्या. इथे तीन रोयाल दिसतात, पण त्यातली एक प्रतिकृती आहे. तिची खूण म्हणजे पुढचे दिवे नाहीत. जिची ही नक्कल, तिच्या मूळ मालकाला रात्री गाडी चालवायचीच नव्हती. उरलेली इंजिनं बुगाटीने रेल्वेच्या मोटारडब्यांत खपवली. असा एकमेव शिल्लक डबा याच गावातल्या रेल्वे संग्रहालयात आहे. दोन्ही एकाच दिवशी करायची असतील तर गाड्यांचं सकाळी उघडताच गाठा आणि रेल्वेचं दुपारी.