गीला की सूखा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यात तोंडाला फेस. काल दुपारी एका पार्टीचा फोन आला. गेली अकरा वर्षं मी त्यांचं रिटर्न भरतोय. इन्कम टॅक्स खात्याच्या २६ एएस फॉर्ममधला टीडीएस आणि त्यांच्या वहीतला टीडीएस जुळत नव्हता, तर माझ्यावर असे खेकसले की जणू तो फरक मीच खिशात घालून घरी आणलाय. फोन ठेवला, छत्री उचलली, "झेरॉक्सला जाऊन येतो," म्हणालो आणि कोपऱ्यावरच्या पानाच्या गुमटीवर गेलो. बायको काही बोलली नाही. आमच्या प्रिंटरमधून झेरॉक्सही निघते, हे तिला ठाऊक आहे.

सुटी सिगरेट, एक. दोरीला बांधलेला लायटर, त्याच्यावर शंभर जणांच्या अंगठ्यांचा चिकटपणा. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते भयंकर चित्र छापायचा कायदा आहे, पण सुटी घेणाऱ्याच्या वाट्याला चित्र येतच नाही, नुसती पांढरीशुभ्र कांडी येते. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. निकोटिन म्हणे दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. माझ्या मेंदूत ते लायटर हातात घेतल्याघेतल्याच पोचतं.

खरा घोळ विझवल्यानंतर सुरू होतो. घरी येऊन दोन तांबे पाणी, अर्धं लिंबू, मूठभर बडीशेप. मग घड्याळाकडे बघायचं. मुलगी पुण्यात फार्मसी शिकते. तिला मी एकदा 'एका मित्रासाठी' विचारलं होतं की हे सगळं अंगातून जायला किती वेळ लागतो. ती म्हणाली, निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, पुढच्या दोन तासांत उरलेल्याचं निम्मं. आमच्या हिंदी माध्यमात याला 'अर्ध-आयु' म्हणायचे. माझी तर केव्हाच होऊन गेली. म्हणजे तीनला ओढली तर पाचला निम्मं, सातला पाव, नऊला दोन आणे. आयुष्यभर ताळेबंद जुळवत आलेल्या माणसाला हा हिशेब फार छळतो, कारण कागदावर तो शून्यावर कधी येतच नाही. त्यात लिव्हर निकोटिनचं कोटिनिन करतं आणि ते निम्मं व्हायलाच सोळा-एक तास घेतं. म्हणजे मूळ खातं बंद, व्याज चालू. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, निम्मा जायला चार-पाच तास. "आणि लिंबूपाणी?" मी विचारलं. "त्यानं तहान भागते, बाबा," ती म्हणाली. मित्र गेला खड्ड्यात.

खरं तर अंगातली घाण काढायची माझी कल्पना लिंबापेक्षा जुनी आहे. ती एरंडेलाची आहे. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात, शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी, आजी आम्हा सात नातवंडांना पहाटे उठवायची. ओळीनं पाट. सुंठीच्या कोऱ्या चहावर एरंडेल तरंगत असायचं, पिवळट, जाड, कपाच्या कडेला चिकटणारं. नाक तिनं धरायचं, घोट आपण घ्यायचा, आणि लगेच जिभेवर लिंबाच्या लोणच्याची फोड. ती फोड अजून आठवली तरी एकाच वेळी तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात ढवळतं. मग खरी परीक्षा, कारण वाड्यात संडास एकच. थोरला भाऊ वयाच्या जोरावर आत घुसून बसायचा. दाराबाहेर आम्ही सहाजण एका पायावरून दुसऱ्या पायावर. कडी आधी कोण पकडतं यावरून झालेली भांडणं आजही लग्नाकार्यात उकरली जातात. आजी पायरीवर बसून मोजायची, कोण किती वेळा गेलं. "सगळं साचलेलं निघून गेलं पाहिजे हो." दुपारी मऊ भात आणि मेतकूट मिळालं की आम्ही स्वच्छ झालो, असं तिच्या वहीत नोंदलं जाई.

आणि हीच आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. तो वास सगळ्या ओसरीवर. मशेरी कुटून पत्र्याच्या डबीत, डबी उशाखाली. मी एकदा विचारलं, "आजी, तू का नाही एरंडेल घेत?" ती काळेभोर दात दाखवून हसली. "मला काय झालंय? ही तर दातांसाठी असते."

माझं झेरॉक्स यातूनच आलं असावं.

मुलगी आणखी एक म्हणाली होती, ते मला आवडलं नाही. निकोटिन उतरू लागलं की जी चिडचिड होते तिलाच आपण टेन्शन समजतो, पुढची सिगरेट तीच उतरवते, आणि आपण म्हणतो, बरं वाटलं. म्हणजे काल मी पार्टीवर वैतागलो होतो की सकाळच्या सिगरेटवर, हे आता कोण सांगणार? मी मात्र पार्टीच्याच नावावर टाकलंय.

राहता राहिलं थोटूक. इंदूरला ते रस्त्यावर टाकायची माझी छाती होत नाही. २०१७ पासून आमचा स्वच्छतेत पहिला नंबर, तो माझ्यामुळे जायला नको. म्हणून मी ते कागदात गुंडाळून खिशात आणतो. आज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली, तेव्हा बायकोच्या आधी मीच डबे घेऊन खाली उतरलो. ती गॅलरीतून बघत होती. गाडीला कप्प्यांवर कप्पे. ओला, सुका, प्लास्टिक, त्यापलीकडे आणखी. मी पुडी हातात धरून उभा. आत तंबाखूचं पान म्हणजे ओला, कागद म्हणजे सुका, आणि फिल्टर दिसतो कापसासारखा, पण असतो प्लास्टिकचाच एक प्रकार. आणि एवढ्याशा तुकड्यात जे काय विष मुरलंय ते कुठल्या डब्यात घालायचं?

"क्या है भिया? गीला की सूखा?" गाडीवरच्या पोरानं विचारलं.

"मिक्स है," मी म्हणालो.

"तो अलग करके लाओ," म्हणाला, आणि गाडी पुढं गेली.

बायकोनं वरून विचारलं, "अहो, काय राहिलं?"

पुडी सध्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या मागं. पार्टीचा दोनदा मिस्ड कॉल येऊन गेलाय, आणि कालचं कोटिनिन माझ्या हिशेबानं अजून निम्म्याच्या आसपास आहे.