तुम्ही विचारलंत म्हणून: ज्याची दया येते, त्या राक्षसालाही मारतातच का?

जपानी सुपरहिरो मालिका नव्याने बघायला लागलेले लोक हमखास हा प्रश्न विचारतात. आधी राक्षसाची बाजू नीट समजावून सांगतात, त्याच्यावर अन्याय झालाय हे दाखवतात, आणि मग हिरो येऊन त्याला मारून टाकतो. वाचवत का नाहीत?

कारण मारणं हे मालिकेच्या साच्यातच असतं. अर्ध्या तासाचा स्लॉट, बहुतेक आठवड्यांना नवा राक्षस, शेवटी लढाई. यातलं काही लेखक-दिग्दर्शकाला सहसा बदलता येत नाही. त्यांच्या हातात उरतं ते कसं मारायचं एवढंच, आणि चांगल्या लोकांनी जे काही केलं ते या उरलेल्या जागेत केलं. म्हणून असा भाग बघताना हत्यार कोणतं वापरलं, मागे प्रेत उरलं का आणि लढाईनंतर तिथे कोण रेंगाळलं, याकडे लक्ष ठेवा.

सगळ्यात आधी 'अल्ट्रामन' या अवाढव्य हिरोच्या मालिकेचा 23 वा भाग बघा, डिसेंबर 1966 मधला. त्यातला जमिला मुळात माणूस, अंतराळवीर. त्याचं यान पाण्याचा थेंब नसलेल्या ग्रहावर जाऊन पडलं आणि तिथे तगून राहता राहता त्याचं शरीर पालटलं. ज्या देशाने त्याला पाठवलं, त्याने आपलं अपयश झाकायला त्याला वाऱ्यावर सोडलं. तो सूड घ्यायला परत येतो, टोकियोतली आंतरराष्ट्रीय शांतता परिषद उधळायला. पॅरिसहून आलेला अधिकारी सायन्स पेट्रोलला, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या पथकाला, हुकूम सांगतो: जमिला कोण होता हे जगाला कळू द्यायचं नाही, साधा राक्षस म्हणून संपवायचं. पथकातला इदे चिडून हत्यार टाकतो, मग नाइलाजाने कामाला लागतो. पुढे गाव जळताना बघून तोच जमिलावर ओरडतो, तुझ्यात माणुसकी उरली नाही का? आणि जमिला थबकतो. त्या थबकण्यानंतर त्याला राक्षस म्हणणं प्रेक्षकाला जड जातं.

आता मरण बघा. आगीचं त्याला काही होत नाही, पण पाणी विसरलेलं शरीर पाण्यानेच जातं. आधी कृत्रिम पावसाचे बॉम्ब टाकतात, ते पुरत नाहीत. मग अल्ट्रामन हात जोडून बोटांच्या टोकांतून पाण्याची धार सोडतो. ज्या पाण्यासाठी तो तिकडे तडफडला, त्याच पाण्याने इथे मरतो. तो चिखलात लोळतो, परिषदेला आलेल्या देशांचे झेंडे त्याच्याखाली चिरडतात, आणि त्याचं ओरडणं तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं होत जातं. हे बरंच लांबवलंय. शेवटी त्याच्या नावाचा फलक बसवतात, त्यावर फ्रेंचमध्ये मानवजातीच्या स्वप्नासाठी प्राण दिलेल्या वीराचा गौरव. बाकीचे निघून जातात, इदे तिथेच थांबतो आणि म्हणतो की बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी असंच येतं, शब्द तेवढे सुंदर.

हा भाग मामोरु सासाकींनी लिहिला, दिग्दर्शन अकिओ जिस्सोजींचं. जिस्सोजींनी या मालिकेचे सहा भाग केले: 14, 15, 22, 23, 34 आणि 35. सहांपैकी एकाचाही शेवट अल्ट्रामनच्या ठरलेल्या स्पेशियम किरणाने होत नाही. तो किरण म्हणजे विजयाची खूण, पोरं टाळ्या पिटतात ती जागा. तीच काढून घेतली की जिंकल्यासारखं वाटतच नाही. 15 व्या भागातला गावादोन म्हणजे मुलांनी काढलेल्या चित्रातून जिवंत झालेला झोपाळू प्राणी. त्याला अल्ट्रामन आकाशात नेऊन ठेवतो. 35 व्या भागात सीबोझु नावाचा हाडांचा सापळा अंतराळातल्या राक्षसांच्या स्मशानातून चुकून पृथ्वीवर पडतो आणि त्याला फक्त परत जायचं असतं. त्याला रॉकेटवर चढवून पाठवतात. त्याच भागात सायन्स पेट्रोलचे लोक आजवर मारलेल्या राक्षसांसाठी बौद्ध भिक्षू बोलावून रीतसर विधी करतात. जपानमध्ये मोडलेल्या सुया आणि जुन्या बाहुल्यांसाठीही असा विधी होतो, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटत नाही.

प्रेताला मान देण्याचं माझं आवडतं उदाहरण मात्र 10 व्या भागातलं, जिरासचं. राक्षस म्हणजे सूट घातलेला माणूस, आणि जिरासचा सूट गॉडझिलाचाच, मानेभोवती झालर लावून वेगळा केलेला. लढताना अल्ट्रामन ती झालर उपटतो, चक्क बैलझुंजीच्या कापडासारखी नाचवतो. पण जिरास मेल्यावर तीच झालर त्याच्या अंगावर पांघरतो. जुना सूट लपवायला लावलेली झालर शेवटी कफन म्हणून कामी आली.

माणसाच्या उंचीच्या राक्षसांना, म्हणजे काइजिनांना, हा मान क्वचित मिळतो. 1971 च्या 'कामेन रायडर'पासून लाथ बसली की स्फोट, ही रीत पडली. स्फोटानंतर प्रेत उरत नाही, आणि प्रेत नाही म्हणजे अंत्यविधीचा प्रश्नच नाही. पुढच्या आठवड्याची गोष्ट मोकळी सुरू करता येते.

ही सोय जाणूनबुजून मोडली 2003 च्या 'कामेन रायडर फाइझ'ने. त्यातले ऑर्फनॉक म्हणजे एकदा मेलेली आणि पुन्हा उठलेली माणसं. ते मरतात तेव्हा निळ्या ज्वाळा निघून त्यांची राख होते. नीट बघा: ऑर्फनॉकने मारलेली माणसंही तशाच राखेत ढासळतात. मारणारा आणि मरणारा यांच्या मागे उरतं ते एकसारखंच. पुढे कळतं की हिरो इनुई ताकुमी स्वतः ऑर्फनॉक आहे, आणि मग आधीच्या प्रत्येक लढाईचा हिशोब आपोआप बदलतो. पुढल्या वर्षीच्या 'कामेन रायडर ब्लेड'ने तर मारणंच काढून टाकलं. तिथले राक्षस म्हणजे 53 अनडेड, ते मरतच नाहीत. हरले की पट्ट्याचं बक्कल उघडतं, मग खेळायच्या पत्त्यांसारखा एक पत्ता फेकून त्यांना त्यात बंद करायचं. नियम असा की शेवटी जोकर एकटा उरला तर जग संपणार, आणि जोकर हाच हिरोचा मित्र. हिरो त्याला बंद करत नाही. तो स्वतः दुसरा जोकर होतो, म्हणजे लढाई निकालाविना अडकून राहते, आणि त्या दोघांनी पुन्हा कधी भेटायचं नाही. सोडून दिलं तरी किंमत मोजावी लागते, हे इतक्या चोखपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सुपर सेंताईत, म्हणजे पॉवर रेंजर्सच्या जपानी मुळात, अडचण वेगळी. 1980 च्या 'डेंझिमन'पासून हरलेला राक्षस अवाढव्य होऊन रोबोशी लढतो, ही चाल रुळली. ज्याची दया यावी त्याला दोनदा मारलं तर दया टिकत नाही. म्हणून लेखक अशा पात्राला वाढूच देत नाहीत. 2009 च्या 'शिंकेंजर'मध्ये राक्षसांना पहिला आणि दुसरा असे दोन जीव असतात, पण मूळचा माणूस असलेला जूझो माणसाच्याच उंचीत तलवारीच्या द्वंद्वात मरतो.

आता जे फसतं ते. सगळ्यात सोपी पळवाट म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत राक्षसाचं डोकं फिरवणं, किंवा खलनायकाकडून त्याला मारून हिरोचे हात स्वच्छ ठेवणं. दोन्हींत आधी केलेली सगळी मेहनत वाया जाते.

याच्या बरोबर उलट 'रिटर्न ऑफ अल्ट्रामन'चा 33 वा भाग, 1971 मधला, शोझो उएहारांनी लिहिलेला. कावासाकीत नदीकाठी राहणारा, कुणाचं वाकडं न करणारा परग्रहवासी म्हातारा. त्याच्याजवळच्या पोरक्या मुलाला लोक छळतात, पाव विकायलाही नकार देतात. शेवटी जमाव चाल करून येतो आणि पोलीस म्हाताऱ्यावर गोळी झाडतो. म्हाताऱ्याने दाबून ठेवलेला मुरुची हा राक्षस मोकळा सुटतो. तेव्हा तोच जमाव वाचवा वाचवा करतो आणि हिरो जागचा हलत नाही, राक्षस तुम्हीच ओढवून घेतलात असं त्याच्या मनात येतं. तो शेवटी लढतो, पावसात लढतो, जिंकतो, पण कुणालाही सुटल्यासारखं वाटत नाही. खून माणसांनी केला आणि तो कुठल्याच किरणाने निस्तरत नाही.

राक्षसांना जपण्यावरच उभी असलेली मालिका हवी असेल तर 2001 ची 'अल्ट्रामन कॉसमॉस' आहे, 65 भागांची. तिथे शांत करून राखीव बेटांवर नेतात. मला ती आवडते, पण सुरुवात तिच्यापासून करू नका. जमिला, मग सीबोझु, मग 'रिटर्न ऑफ अल्ट्रामन'चा 33 वा भाग, या क्रमाने बघा. तिन्ही सुटे आहेत, मागचं काही माहीत असण्याची गरज नाही. आवाज मूळ जपानीच ठेवा आणि खाली सबटायटल लावा, कारण जमिलाचं रडणं आणि फलकापाशी इदे जे बोलतो ते मूळ आवाजातच ऐकायला हवं.