जमीन न दिसणारे दिवस

मायामी सोडल्यावर, रात्र

क्रूझला निघालो म्हटलं की जळगावात पहिला प्रश्न ठरलेला: "काय भो, दिवसभर पाण्यात करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. सात रात्रींच्या पूर्व कॅरिबियन फेरीत निदान दोन-तीन दिवस बोट कुठेच थांबत नाही. मायामी ते पोर्तो रिको बेटावरचं सॅन हुआन बंदर हे अंतर साधारण हजार सागरी मैलांचं. बोट चालते वीस नॉट्सच्या आसपास, म्हणजे तासाला वीस सागरी मैल, सदतीस किलोमीटर. मोठ्या बोटीही याहून फार पळत नाहीत, कारण वेग थोडा वाढवला तरी इंधन भसाभस जळतं. गणित सरळ आहे, दोन दिवस पाणीच. तिकिटाच्या पैशांत हे दिवस धरलेले असतात, पण लोक नियोजन करतात ते फक्त बेटांचं. बेटावर गाइड असतो, रस्ता असतो, दुकान असतं. समुद्रातल्या दिवसाची तयारी मात्र घरूनच करून निघावं लागतं.

आजच्या रात्रीची कामं दोनच. पहिलं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत. आता ते बरंचसं फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर होतं. व्हिडिओ पाहायचा, मग आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. लाइफ जॅकेट केबिनच्या कपाटात आहे की स्टेशनवर मिळणार, हे आजच बघून ठेवावं. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल व्हायची होती. त्यानंतर नियम कडक झाला: बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल झालीच पाहिजे. ती चुकवून जेवायला पळणारे दर फेरीत दिसतात, आणि त्यांच्या नावाने स्पीकर ओरडतो.

दुसरं काम फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. किनारा सुटला की बोटीचं स्वतःचं उपग्रही मोबाइल नेटवर्क सुरू होतं आणि आपला फोन गुपचूप त्याला जोडला जातो. ते रोमिंग बहुतेक पॅकमध्ये धरलेलं नसतं. बिल घरी गेल्यावर कळतं. वाय-फाय हवं तर निघण्याआधी ऑनलाइन घ्यावं, बोटीवर तेच महाग पडतं. यातली खरी गोम ओटीपीची. सिम बंद म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. कार्डाची मर्यादा वाढवणं, परतीच्या विमानाच्या सीटचे पैसे भरणं, असलं सगळं मायामीच्या हॉटेलातच उरकावं.

समुद्रात, सकाळ

जानेवारीत या भागात पूर्व-ईशान्येकडून व्यापारी वारे लागतात, पंधरा-वीस नॉट्स तर रोजचेच. बोट आग्नेयेकडे, म्हणजे जवळजवळ त्यांच्या तोंडावर निघालेली. वाऱ्याचे वीस आणि बोटीचे वीस मिळून वरच्या डेकवर ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरचा वारा अंगावर येतो. टोपी गेली म्हणजे गेलीच. जाताना वरचा डेक बोचरा आणि परतताना तोच डेक चिडीचूप, कारण तेव्हा वारा पाठीमागून बोटीबरोबरच धावत असतो. म्हणून जाताना बसायला जागा शोधायची ती मागच्या बाजूला, किंवा खालच्या प्रोमेनेड डेकवर, म्हणजे बोटीच्या कडेने फिरायच्या मोकळ्या वाटेवर, वाऱ्याच्या आड. पोहण्याची हौस परतीसाठी राखावी.

बाल्कनीची केबिन घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला. पूर्वेकडे जाताना उजवी बाजू दक्षिणेला येते, तिथे दिवसभर ऊन. डावीकडे सावली, पण वाराही तिकडचाच. परतीला उलट. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा या फरकाला अर्थ नाही. बुकिंग एजंट हे सहसा सांगत नाही, तो डेकचा नकाशा पुढे सरकवतो आणि भाव सांगतो.

मळमळीचंही मूळ याच वाऱ्यात आहे. बोटीच्या पोटाशी पाण्याखाली दोन्हीकडे पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावं-उजवं डोलणं कमी करतात. नाक वर-खाली होतं त्याला ते काही करू शकत नाहीत. समोरून लाट आली की पुढचा भाग सर्वात जास्त उचलला जातो, आणि थिएटर बहुतेक बोटींत नेमकं पुढे असतं. पोट भरून रात्रीच्या शोला बसलेली माणसं अर्ध्यावर उठतात ती यामुळे. केबिन मधली आणि खालच्या डेकवरची घ्यावी. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघावं, फोनकडे नाही. आलं, खारी बिस्किटं, हिरवं सफरचंद यांनी थोडं निभतं. गोळी मात्र मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर घेतली तर पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. बीपीची, प्रोस्टेटची किंवा काचबिंदूची औषधं चालू असतील तर कोणती चालेल हे डॉक्टरांना घरीच विचारून यावं. बोटीवर दवाखाना असतो, पण फी डॉलरमध्ये आणि थेट केबिनच्या खात्यावर चढते. प्रवास विम्याचा कागद आणि गोळ्यांची पाकिटं मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत.

दुपार

खान्देशातल्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं. पंचेचाळीस डिग्री बघितलेल्याला इथले अठ्ठावीस म्हणजे गारवा वाटतो, आणि इथेच फसगत होते. आपल्याकडचं ऊन चटका देऊन आत हाकलतं. इथे वारा घाम वाळवत राहतो, पाणी आणि पांढरा डेक खालूनही उजेड फेकतात. संध्याकाळी मान आणि पायाची वरची बाजू लाल झाल्यावर कळतं. सावळ्या कातडीलाही भाजतं. एसपीएफ तीसच्या वरचं क्रीम दर दोन तासांनी, पोहून आल्यावर पुन्हा. विकत घेताना घटक वाचावेत: सेंट थॉमस ज्यात येतं त्या यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलिन असलेल्या क्रीमवर २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घेतलं की प्रश्न मिटतो.

समुद्रात बघण्यासारखं काही नसतं, असं म्हणणारे बहुधा पूलकडे तोंड करून बसलेले असतात. प्रोमेनेड डेकवर पुढच्या टोकाशी अर्धा तास उभं राहिलं की उडणारे मासे दिसतात. बोटीच्या नाकाला घाबरून ते पाण्यातून सुटतात, पंख ताणून पन्नासेक मीटर सहज तरंगत जातात आणि टुपकन आत. त्यांच्यामागे तपकिरी बूबी नावाचे समुद्रपक्षी बोटीशेजारीच घिरट्या घालतात. बोट त्यांच्यासाठी सावज उठवून देते. पाण्यावर पिवळट-तपकिरी लांब पट्टे दिसले तर ते सारगासम, तरंगतं शेवाळ. हे पट्टे वाऱ्याच्या दिशेने आखलेले असतात, त्यामुळे वारा कुठून आहे हे पाण्याकडे पाहूनच कळतं. वसंतापासून त्यांचं प्रमाण वाढतं. सॅन हुआनच्या उत्तरेला पोर्तो रिको ट्रेंच ही समुद्रतळाची खोल दरी आहे. तिची सर्वात जास्त खोली आठ हजार मीटरच्या वर आहे. वरून काही कळत नाही, पाण्याची निळाईही तीच.

जेवण

याबद्दल लिहावं तितकं थोडं. शाकाहारी जोडप्याने पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठावं आणि उद्यासाठी सांगून ठेवावं. बहुतेक मोठ्या बोटींच्या मुदपाकखान्यात गोव्याची, मुंबईची, केरळची मुलं असतात. आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ, एखादी भाजी आणि पोळीसदृश काहीतरी टेबलावर येतं. ऐनवेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्या येतात. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवावं. 'व्हेजिटेबल सूप' या नावावर विसंबू नये, पाणी कोंबडीच्या स्टॉकचं असू शकतं. गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असू शकतं. कॅरिबियन जेवणाच्या रात्री मोफोंगो हा तळलेल्या कच्च्या केळ्याचा लगदा दिसतो. त्यात डुकराची कुरकुरीत कातडी कुटून घालायची पद्धत आहे. भात-राजम्यातही चरबी पडते. विचारूनच वाढून घ्यावं.

बुफेतलं पिवळंजर्द केळं जळगावकर उचलतो, दाबतो आणि नाक मुरडतो. जात तीच, कॅव्हेंडिश. आपल्याकडची ग्रँड नैन त्याच घराण्यातली. फरक काढणीचा. हिरवं तोडून थंड जहाजातून आणलेलं आणि मग पिकवलेलं फळ चवीला पाणचट लागणारच.

घरून न्यायचं ते फक्त कंपनीचं सीलबंद: लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, केळीचे वेफर्स, लोणच्याच्या पुड्या. घरची दशमी, डब्यातलं भरीत, हे बोटीत चढताना काढून घेतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, सर्ज प्रोटेक्टरची पट्टी हेही जप्त होतं, आगीच्या भीतीने. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते. मग चहाचं काय? बुफेतलं पाणी उकळतं नसतं, दूध थंड. गरम दूध मागून घ्यायचं आणि प्रीमिक्सची पुडी त्यात टाकायची. चहाच्या पिशवीवर जोर देण्यापेक्षा हे बरं.

जेवायला शिरताना दारात सॅनिटायझर धरलेला माणूस उभा असतो. त्याला नमस्कार करून आधी साबणाने हात धुवावेत. बोटीवर जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला फारसा दाद देत नाही.

दोघं आणि एक केबिन

केबिन म्हणजे सतरा-अठरा चौरस मीटर. घरी एक ओट्यावर, एक ओसरीवर असे वावरणारे नवराबायको इथे एका खोलीत येतात. उपाय सोपा आहे: दिवसभर बरोबर राहायचा हट्ट सोडायचा. एकाला बिंगो, एकाला झोप. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवावी, कारण वाय-फायशिवाय फोन लागणार नाही. भिंती पोलादी असतात, त्यावर लोहचुंबकाचे हूक चिकटतात; चार हूक नेले तर ओले कपडे, टोप्या, कागद सगळं जमिनीवरून उठतं. बाल्कनीचं दार उघडं ठेवून केबिनचं दार उघडलं तर वाऱ्याने दार असं आपटतं की हाताचं बोट चेंगरावं. संडास व्हॅक्यूमचे, त्यात टिश्यूखेरीज काहीही टाकलं तर शेजारच्या केबिन्सचाही बंद पडतो. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, बहुधा समुद्रातल्या दिवशीच ठेवतात. सूट नसला तरी बंद गळ्याचा कोट आणि पैठणी इथे शोभून दिसते. चप्पल सपाट हवी. आतला एसी कडक असतो, शाल असू द्यावी.

डॉलर दिसत नाहीत म्हणून खर्च होत नाही असं नाही. सगळं केबिनच्या कार्डावर. टिप दर माणशी दर दिवशी आपोआप लागते, साधारण सोळा ते वीस डॉलर. केबिनच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नये. बोट रोज अंदाजाने रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला दिवस लागतात, तोवर बँकेतले तेवढे पैसे वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्यावं. दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात, म्हणून समुद्रातल्या दिवशी 'सेल'चा गलबला. स्पा मात्र बंदराच्या दिवशी स्वस्त मिळतो.

रात्री, घड्याळ आणि तारे

पूर्वेकडे जाताना हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. काही बोटी बदलतात, काही मायामीचीच वेळ धरून चालतात. फोन मात्र बेटाची वेळ आपणहून पकडतो, आणि धक्क्यावर उशिरा पोचणारे बरेचसे याच गोंधळाचे बळी. बोटीची वेळ मनगटी घड्याळात लावावी, तीच खरी. सॅन हुआनच्या वेळेत आपण भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. सकाळी नऊला फोन केला तर घरी संध्याकाळचे साडेसहा, दिवेलागण. रात्री साडेनऊला केला तर तिकडे सकाळचे सात.

बाल्कनीचा दिवा घालवून उत्तरेला पाहिलं तर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे एकवीस अंशांवर, हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या इतका वर. जळगावातूनही तो तेवढाच वर. जळगाव एकवीस अक्षांशावर आणि इकडचं ग्रँड टर्क बेटही त्याच्या आसपासच. म्हणून मृग, रोहिणी, दक्षिणेचा अगस्त्य, सगळे ओळखीच्या जागी सापडतात. शहराचा उजेड नसल्याने जास्त ठसठशीत.

परतीचा शेवटचा दिवस

दुपारीच रंगीत टॅग केबिनमध्ये येतात. मोठ्या बॅगा रात्री दहा-अकरापर्यंत दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट धक्क्यावर मिळतात. इथे हमखास होणारी फजिती म्हणजे उद्याचे कपडे, चप्पल किंवा पासपोर्ट त्या बॅगेत जाणं. आधी उद्याचा पूर्ण जोड पलंगावर काढून ठेवावा, गोळ्या आणि पासपोर्ट पर्समध्ये, मगच चेन लावावी. खात्याचं बिल रात्रीच तपासावं. सकाळी काउंटरपुढे रांग वळणं घेत असते. बुफेतलं फळ खाली नेता येत नाही, अमेरिकन कस्टम्सचे कुत्रे ते हुंगून काढतात आणि न सांगता नेलं तर दंड. आणि आपला अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बुकिंगच्या आधीच पाहायचं असतं. बोट परदेशी बंदरांना लागून आली म्हणजे मायामीत उतरणं हा नव्याने प्रवेश धरला जातो.

बोट पहाटे लागली तरी उतरणं, बॅग शोधणं, पासपोर्टची रांग आणि विमानतळापर्यंतची टॅक्सी यांत सकाळ जाते. मुंबईकडे येणारं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नये.