दोनदा बदललेलं सील

ऐन मे महिन्यात सोनगीरहून तांब्या-पितळेची भांडी भरून निघालेली मालवाहू ई-रिक्षा वाटेतच बसली आणि टेम्पोत घालून धुळ्याला आमच्याकडे आली. चालक म्हणाला, "भाऊ, मोटार जयी गयी," म्हणजे जळाली. थ्रॉटल दिला की गाडी नुसती थरथरायची. मोटारीकडचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, दोन महिन्यांत दोनदा बदललेलं, तरी जोड तेलकटच.

या गाड्यांत ४८ व्होल्टची बीएलडीसी (ब्रश नसलेली) मोटार थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाला, बोल्टने बसते. गिअरचं तेल आणि मोटारीची वाइंडिंग (तारांची गुंडाळी) यांच्या मध्ये काय ते हे एक सील.

मागची दोन्ही चाकं उचलली. एक फिरवलं, दुसरं उलटं फिरलं, डिफरन्शियल शाबूत. दोन्ही एकाच दिशेने फिरवली, तीही मोकळी. मोटारीला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असता तर चाकं जड गेली असती. मग हॉल सेन्सर, मोटार कुठवर फिरली हे कंट्रोलरला सांगणारे तीन. लाल-काळ्या वायरवर ५ व्होल्ट मिळाले. चाक हळू फिरवताना दोन सिग्नल ०-५ होत होते, तिसरा हलेचना. मोटार उघडली तर सेन्सरची पट्टी तेलात भिजलेली.

पण मूळ दुखणं वर होतं. अ‍ॅक्सलच्या घरावरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, काढून फुंकून पाहिला, हवा आरपार जाईना. बारीक तारेने टोचल्यावर आतून विटेसारखी घट्ट माती निघाली. ओझ्याने तेल तापतं, हवा फुगते. ब्रीदर बंद असला की ती सीलच्या ओठातून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेतून, तेलासकट वाट काढते. त्यात कुणीतरी तेलही जास्त भरलेलं. सपाट जागेवर तेलाच्या लेव्हलचा बोल्ट काढल्याबरोबर धार लागली. ठिबक थांबेपर्यंत वाहू दिलं. शाफ्टवर नख फिरवून पाहिलं. तिथे चर असती तर तिसरं सीलही टिकलं नसतं.

मालकाने विचारलं, त्यापेक्षा चाकातली हब मोटार का नको? थेट चाक फिरवणाऱ्या हब मोटारीत गिअर नाहीत, गिअरचं तेलही नाही, हे खरं. पण तिला गिअरची मदत नसते, त्यामुळे भरल्या गाडीला चढावर उचलायला मोटारच मोठी लागते. दोन चाकांना दोन मोटारी घेतल्या तर वळणावर दोघींचा वेग कंट्रोलरने सांभाळावा लागतो. मोटार चॅसीवर ठेवून दोन हाफ शाफ्टने (चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांनी) चाकं फिरवणारी रचना खड्ड्यांत मोटारीला जपते, पण तिथे शाफ्टच्या सांध्यांवरचे रबरी बूट (आवरणं) फाटतात. भांड्यांच्या ओझ्याला गिअरचा अ‍ॅक्सलच बरा, फक्त त्याचा श्वास मोकळा हवा.

तिन्ही सेन्सर बदलले, वाइंडिंग पुसून वाळवली, नव्या सीलच्या ओठाला तेल लावून ते बसवलं, ब्रीदरला नळी जोडून चिखलाच्या वर बांधली. माल भरून नगावबारीपर्यंत जाऊन आल्यावर जोडावर बोट फिरवलं. कोरडं.