बाईंचा हायपो आणि पत्र्याची प्रयोगशाळा

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण बॅचच्या ग्रुपवर आलं आणि खाली 'स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा' असं वाचलं तेव्हा काय लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. स्नेहसंमेलन, खो-खोची टीम, मुख्याध्यापकांचा दरारा यावर बाकीचे लिहितीलच, मी लिहिणार विज्ञानाच्या बाईंवर. नाव सांगायची गरज नाही, पत्र्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हटलं की सगळ्या बॅचेसना कळतं.

रासायनिक अभिक्रियेचा दर हा पुस्तकातला जेमतेम दोन पानांचा भाग, पण बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवलाच नाही, हाताने करायला लावला. तेव्हा ऑफिससमोरच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी बसवत होते, गवंड्यांनी टाकलेले तुकडे आम्ही गोळा करून आणले, निम्मे तसेच ठेवले निम्मे खलबत्त्यात कुटले. वजन सारखं, अ‍ॅसिड सारखं. तुकड्यांवर बुडबुडे निवांत येत होते आणि भुकटीवर अ‍ॅसिड घातल्याबरोबर फेस परीक्षानळीच्या बाहेर, कारण अ‍ॅसिडला भिडायला मिळणारा पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढला. मग एकाने खडूची भुकटी आणली, ती तर अजून बारीक, पण तिच्यात काही म्हणजे काही होईना. बाई म्हणाल्या, अरे फळ्याचा खडू जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि फरशी कॅल्शियम कार्बोनेट, कितीही बारीक करा पण पदार्थ कोणता आहे ते आधी बघा.

पण खरी आठवण हायपोची. सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले वापरायचे तो, आणि बाई तो गावातल्या फोटो स्टुडिओतूनच आणायच्या. कागदावर बॉलपेनने फुली काढायची, वर चंचुपात्र ठेवायचं, हायपोच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतायचं आणि वरून बघत राहायचं. आत गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण दुधाळ पिवळट होत जातं आणि फुली दिसेनाशी झाली की घड्याळ बघायचं. हायपोत पाणी घालून तो निम्मा पातळ केला की वेळ जवळजवळ दुप्पट, संहती, म्हणजे द्रावण किती तीव्र आहे ते, तिथे डोळ्यांनी बघितलं. झालं की लगेच धुवायचं, नाहीतर गंधक काचेला चिकटून बसतं, आणि तो सल्फर डायऑक्साइडचा उग्र वास येतो म्हणून खिडक्या आधीच सगळ्या उघडून ठेवायच्या हा बाईंचा नियम.

जानेवारीचे दिवस होते, अ तुकडीचं प्रॅक्टिकल सकाळी पहिल्या तासाला आणि आमचं ब चं मधल्या सुट्टीनंतर. बाटली तीच, माप तेच, तरी आमची फुली अ तुकडीच्या निम्म्याच्या आसपास वेळात गायब झाली आणि मग जे भांडण लागलं ते लागलं, अ वाले म्हणाले तुमचं घड्याळ चुकलं, आम्ही म्हणालो तुम्ही अ‍ॅसिड कमी घातलं. बाईंनी कोणालाच रागावलं नाही, कोणाचा आकडा खोडायलाही दिला नाही. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळांना द्रावणात थर्मामीटर बुडवून ठेवायला सांगितला, बास. सकाळी वीसच्या खाली आणि दुपारी त्या तापलेल्या पत्र्याखाली तिशीच्या जवळ! कोणीच चुकलं नव्हतं.

त्यावर बाईंनी जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. तापमान २० वरून ३० अंशावर गेलं तर रेणूंचा सरासरी वेग पावणेदोन टक्केसुद्धा वाढत नाही, मग दर दुप्पट कसा होतो? तर मैदानावरच्या उंच उडीच्या दोरीसारखं आहे, दोरी म्हणजे अभिक्रिया व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सगळ्यांचा जोर थोडासाच वाढतो पण दोरीपलीकडे जाणाऱ्यांची संख्या दुप्पट होते. आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे १८८९ मधे मांडलं. सगळ्याच अभिक्रिया दहा अंशांना दुप्पट होतात असं नाही, दोरी किती उंच त्यावर आहे, हेही बाईंनी तेव्हाच बजावलं. आणि उत्प्रेरक म्हणजे खालून जायची वेगळी वाट, ते दाखवायला जुन्या सेलमधली काळी पूड धुवून वाळवून हायड्रोजन पेरॉक्साइडमधे टाकली, फसफसून झाल्यावर गाळून परत वाळवली आणि वजन केलं, ते पहिल्याइतकंच भरलं.

आज मी एका खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमधे आहे, शिफ्टची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आहे आणि याचा मला अभिमान आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन साध्या तापमानाला एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मधे प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला, बॉशने तो १९१३ मधे जर्मनीतल्या ओप्पाऊला कारखान्यात आणला आणि मिटाशने हजारो चाचण्या करून लोखंडाचा उत्प्रेरक शोधला, पोटॅश आणि अ‍ॅल्युमिना मिसळलेला, आजही मुळात तोच चालतो. ४०० ते ५०० अंश तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब. तापमान अजून वाढवलं तर वेग वाढतो पण समतोलाला, म्हणजे अमोनिया बनणं आणि मोडणं सारखं झाल्यावर, तो कमी मिळतो, म्हणून मधलं तापमान धरायचं, एका फेरीत पंधरा-वीस टक्केच तयार होतो आणि उरलेला वायू परत फिरवायचा. नवीन ट्रेनी मुलं रिडिंग जुळलं नाही की तापमान, दाब, फ्लो सगळं एकदम हलवायला जातात. मी त्यांना थांबवते आणि बाईंचंच वाक्य सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि न जुळलेला आकडा खोडू नका.

मागच्या वर्षी शाळेत आले होते तेव्हा कळलं की आता हा प्रयोग स्मार्ट बोर्डवर व्हिडिओत दाखवतात. व्हिडिओ छान आहे पण त्यात फुली प्रत्येक वर्गाला तेवढ्याच सेकंदांत नाहीशी होते, अ तुकडीला काय आणि ब ला काय, मग भांडणार कशावरून आणि थर्मामीटर बुडवणार कोण? मला फार वाईट वाटलं. पत्रे जाऊन स्लॅब आला हे चांगलंच झालं, पण कपाटात हायपोची बाटली नव्हती.

म्हणून समितीला एक विनंती करते. कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोगशाळा दोन वेळा, सकाळी लवकर आणि जेवणानंतर, उघडी ठेवा. हायपो, अ‍ॅसिड, चष्मे आणि प्रत्येक गटाला एक थर्मामीटर मी घेऊन येते, फक्त नववीची दोन तुकड्यांची मुलं पाठवा आणि आकडे आधी कोणी सांगू नका. आणि बाई, तुम्ही येणार असाल तर पहिलं चंचुपात्र तुमच्या हातून.